पंधरा रानभाज्या की एक टाकळा?

पत्र थोडक्यात असं:

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईने लिहिलंय. मुलगी नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं. भाषा आणि गणित छान चाललंय, पण विज्ञान म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो, कारण तिचं स्वतःचं शिक्षण बी.कॉम. यंदा पाऊस सुरू झाल्यावर मायलेकींनी ठरवलं की विज्ञान रानभाज्यांमधून शिकायचं. गणपतीपर्यंत पंधरा भाज्या स्वतः शोधायच्या, खुडायच्या, रांधायच्या आणि वहीत चिकटवायच्या. सोबतीला फोनमधलं झाडं ओळखणारं ॲप. सोसायटीमागचा मोकळा प्लॉट झाला, नाल्याकडची पायवाट झाली, एका रविवारी येऊरचं जंगलही झालं. पाच भाज्या झाल्या. सहाव्या खेपेला मुलीने अळूसारख्या दिसणाऱ्या पानाचा देठ 'चव बघू' म्हणून चावला. ओठ आणि जीभ दोन तास चरचरत होती. डॉक्टरांना दाखवलं, रात्रीपर्यंत सगळं ठीक झालं. पण त्या रात्री नवरा म्हणाला, "हिला काही झालं असतं तर? पुढच्या जूनमध्ये शाळेत घालू." सासूबाई मुरबाडकडच्या. त्यांच्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे: 'त्यांना रानभाज्या माहीत आहेत, पण शास्त्रीय असं काही सांगता येत नाही.' आईचा प्रश्न: हा उपक्रम बंद करू की चालू ठेवू? बंद केला तर मुलगी हिरमुसेल आणि नवऱ्याचंच खरं होईल. चालू ठेवायचा तर माझी मलाच खात्री नाही. आणि हे सगळं पुढे परीक्षेच्या उपयोगाचं आहे का?

नमस्कार,

लेक बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. आता तुमच्या पत्राकडे वळते. ते वाचताना मी एका आकड्यापाशी अडखळले. पंधरा. पंधराच का? तुम्ही शाळा सोडलीत, पण 'पोर्शन' काही सुटला नाही असं दिसतंय. गणपतीच्या आत पंधरा भाज्या म्हणजे आठवड्याला दीड-दोन. त्यात शोधणं, खुडणं, निवडणं, शिजवणं, चिकटवणं. एवढ्या घाईत कुठल्याही पानाकडे दुसऱ्यांदा बघायला फुरसत मिळत नाही. मग ॲपने सांगितलेलं नाव तेवढं खरं मानायचं आणि पुढे सरकायचं. त्या दिवशी जे झालं ते मुलीच्या खोडसाळपणामुळे नाही, या घाईमुळे झालं असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, आणि ती तुमच्या एकटीची नाही. या विषयावर मला येणाऱ्या बहुतेक पत्रांमध्ये ती असते: भाजी ओळखली याचा पुरावा म्हणजे ती खाणं. ताटात आली की प्रकल्प पूर्ण. मला हे पटत नाही. वनस्पतीशी ओळख करून घेणं हे एक काम, ती पोटात घालणं हे दुसरं. पहिलं काम नऊ वर्षांच्या मुलीचं, आणि ते तिने मनसोक्त करावं. दुसरं मोठ्यांचं. त्यातही सगळ्या मोठ्यांचं नाही, ज्यांचे हात त्या भाजीत मुरलेत त्यांचं. ही दोन कामं वेगळी केलीत की 'बंद करू की चालू ठेवू' हा तुमचा पेच बराचसा सुटतो. खुडून खाणं आजपासून बंद करा. बाकीचं चालू ठेवा, फक्त पंधराच्या ऐवजी एका झाडावर.

एकाच झाडावर कसं काय, असं तुम्ही विचाराल. टाकळ्याचंच उदाहरण घेते. तुमच्या त्या मोकळ्या प्लॉटवर तो गुडघाभर माजला असेल. ठाण्यात जिथे बांधकाम रखडलंय तिथे टाकळा असतोच.

आज संध्याकाळी सहाला लेकीला घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहा आणि अंधार पडेपर्यंत हलू नका. त्याच्या पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी छोटी पानं, खाली झुकत जोडीजोडीने मिटतात. सकाळी पुन्हा उघडतात. लेक म्हणेल, अंधार झाला म्हणून मिटल्या. तिला विचारा, तुला कसं ठाऊक? मग एक लहान रोप मुळांसकट अलगद काढून कुंडीत लावा, चार दिवस रुजू द्या आणि उचलून कपाटात ठेवा. दार लावा. आत दिवसरात्र अंधारच. आता पानं मिटलेलीच राहायला हवीत ना? दर तीन तासांनी दार किलकिलं करून झटकन बघायचं आणि वहीत वेळ लिहायची.

१७२९ साली द मेरां नावाच्या एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने जवळपास हेच केलं होतं. पानं मिटणारं झाड घेतलं आणि अंधाऱ्या जागी ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही ते दिवसा पानं उघडत होतं आणि रात्री मिटत होतं. झाडाच्या आत स्वतःचं घड्याळ आहे, या विचाराची सुरुवात तिथून झाली. सजीवांच्या शरीरातलं हे घड्याळ नेमकं कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं. त्यांनी ते काम फळमाशीवर केलं होतं. तुमच्या लेकीला ते टाकळ्यावर आणि तुमच्या साड्यांच्या कपाटात करता येईल. यासाठी बी.एस्सी. लागत नाही. गजर लावता आला की पुरे.

आता त्याच टाकळ्याची मुळं. पुस्तकात लिहिलेलं असतं की शेंगा येणाऱ्या वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. टाकळ्याला शेंगा येतात. म्हणजे गाठी हव्यात. लेकीला आधी अंदाज लिहायला लावा, मग रोप काढा. हिसका देऊन उपटू नका, नाहीतर गाठी मातीतच राहतात. भोवतीची माती खुरप्याने सैल करा आणि मुळं बादलीत हलवून धुवा. गाठी सापडणार नाहीत. दुसरं रोप काढा, तिसरं काढा, दुसऱ्या प्लॉटवरचं काढा. नाहीतच. मग शेजारचं लाजाळू काढा, हातमोजे घालून, काटे असतात. त्याच्या मुळांवर बारीक दाण्यांसारख्या गाठी दिसतील. एक नखाने फोडली तर आत गुलाबी. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा.

मग पुस्तक चुकलं का? लगेच उत्तर देऊ नका, दोन दिवस तिला त्यावर विचार करू द्या. खरी गोष्ट अशी की शेंगवर्गात सगळ्यांनाच गाठी येत नाहीत, आणि टाकळा ज्या प्रजातीतला (जीनस) आहे तिच्यात त्या येत नाहीत. 'सहसा असतात' आणि 'असतातच' यातला फरक नवव्या वर्षी मातीत हात घालून कळणं याचं मोल मला पंधरा भाज्यांपेक्षा जास्त वाटतं. टाकळा कोवळा असतानाच का खातात, फुलावर आल्यावर का नाही, हा आणखी एक धागा. तो पुढे सासूबाईंपाशी येईल.

आता चावलेल्या त्या देठाकडे येते.

'चव बघू' ही ऊर्मी वाईट नाही, तिला ओरडू नका. पण नियम करा: बाहेरचं काहीही ओठाला लावायचं नाही, एवढंसंही नाही. तो नियम तुम्हालाही लागू, नाहीतर ती पाळणार नाही. आणि तिची जीभ का चरचरली याचं उत्तर तिचं तिलाच सापडू द्या. अळूच्या कुळातल्या झाडांमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, जुडीच्या जुडी. देठ चावला की त्या सुया जिभेत, ओठात रुततात. हे डोळ्यांनी दिसतं. मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये साकारलेला फोल्डस्कोप नावाचा कागदी सूक्ष्मदर्शक मिळतो, १४० पट मोठं दाखवतो. बाजारातल्या अळूचा देठ हातमोजे घालून कापा, कापलेल्या बाजूचा रस पाण्याच्या थेंबात उतरवा आणि बघा. पहिल्या थेंबात नाही दिसल्या तर चौथ्यात दिसतील.

मग दुसऱ्या थेंबात व्हिनेगर घाला. आपल्याकडे सर्रास सांगतात की आंबट घातलं की अळूची खाज 'विरघळते'. लेकीने वाट बघावी. सुया तिथेच असतील, कारण कॅल्शियम ऑक्झलेट व्हिनेगरमधल्या ॲसिडमध्ये जवळपास विरघळत नाही. तिसऱ्या थेंबात चिंचेचा कोळ घालून बघा, काय दिसतं ते मला कळवा. मग अळूच्या फदफद्यात आपण चिंच का घालतो? आणि अळू इतका वेळ का शिजवतो? या सुयांच्या जोडीला एक प्रथिनही असतं आणि ते खाज वाढवतं, ते उष्णतेने निकामी होतं, असं यावर काम केलेल्यांचं म्हणणं आहे. म्हणजे स्वयंपाकघरातली रीत बरोबर आणि तिचं सांगितलं जाणारं कारण अर्धवट, असंही असू शकतं.

मी स्वतः यात पोळलेली आहे. लग्नानंतर पहिल्या जूनमध्ये मोठ्या हौसेने शेवळं आणली. आई करायची, मी शेकडो वेळा पाहिलेलं. वरची पाती सोलली, पण आतल्या दांड्याचा तो पिवळा रवाळ भाग काढून टाकायचा असतो हे माझ्या लक्षात आलं नाही. शेवळांत घालायची आंबट काकडंही मिळाली नव्हती, चिंचेवर भागवलं. चार माणसांचे घसे संध्याकाळपर्यंत खवखवत होते. सासरे फक्त "तिखट बरं होतं" म्हणाले. शेकडो वेळा पाहणं आणि एकदा हाताखाली करणं यातला फरक मला त्या दिवशी कळला.

खाज परवडली, कारण ती लगेच कळते. मला जास्त भीती वाटते ती न खाजणाऱ्या झाडांची, आणि हे मी तुमच्यासाठीच नाही तर पावसात पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. टाकळ्याचा एक भाऊ आहे, कासविंदा. काही ठिकाणी त्याला रानटाकळाच म्हणतात, म्हणजे नावानेही फसगत. तसाच उग्र वास, तशीच पिवळी फुलं, त्याच उकिरड्यावर. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं पावसाळा सरला की लहान मुलं अचानक आजारी पडायची आणि त्यातली बरीच दगावायची. मेंदूला विषाणूमुळे सूज येते असंच समजलं जात होतं. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की मुलांनी खेळताना कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या, आणि त्यांतलं विष यकृत, स्नायू आणि मेंदू अशा तिन्हींवर घाला घालत होतं.

फरक दिसतो, पण शांतपणे बघणाऱ्यालाच. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर. कासविंद्याच्या चार-पाच जोड्या, टोकदार. टाकळ्याला खालच्या जोडीच्या मधोमध बारीक खुंटीसारखी ग्रंथी असते, कासविंद्याची ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, फुगीर. शेंगा आल्या की तर फरक लपतच नाही: टाकळ्याच्या लांब, बारीक, विळ्यासारख्या वाकलेल्या, कासविंद्याच्या चपट्या, फिक्या कडांच्या. लेकीला दोन्हींची चित्रं एकाच पानावर काढायला सांगा. फोटो नको, चित्रच. चित्र काढताना जोड्या मोजाव्याच लागतात. ॲपला फोटोत ती ग्रंथी दिसत नाही. त्याच्यावर माझा राग नाही, नाव सुचवायला ते चांगलं आहे, पण पातेल्यात काय जायचं ते त्याच्या भरवशावर ठरवायचं नाही.

अशा जोड्या आणखी आहेत. घोळीची भाजी आणि जमिनीलगत पसरणारी नायटी पोरांना सारखीच दिसते. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला की ती घोळ नव्हे. हात धुवा आणि डोळ्यांना लावू नका. कळलावीची लालपिवळी ज्वाळेसारखी फुलं या दिवसांत कुंपणांवर दिसतात. बघायला अप्रतिम, पण सगळं झाड विषारी, कंद तर सर्वात. गुंजा गोळा करून मण्यांसारख्या ओवायला देऊ नका. टरफल फुटलेली एक गुंज चावणंही मुलासाठी धोक्याचं. धोतरा तुम्हाला ठाऊकच असेल. आणि अळंबी? नाही. कुणी कितीही अनुभवी सोबत असलं तरी मुलांच्या उपक्रमात अळंबी नाही. यावर मी वाद घालणार नाही.

इतकं करूनही कुणी काही चावलंच तर चूळ भरायला लावा आणि उलटी मुद्दाम करवू नका. झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत डॉक्टरांकडे न्या. जीभ किंवा घसा सुजतोय, गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतोय असं वाटलं तर थेट इस्पितळ किंवा १०८.

जागांबद्दल. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय झाडपाला तोडून नेता येत नाही, मग ती एक जुडी का असेना. तिथल्या पाड्यांवरच्या आदिवासींची गोष्ट वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरचा (लाकूड सोडून रानात मिळणाऱ्या गोष्टींवरचा) हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलाय. आपण रविवारचे पाहुणे. तेव्हा येऊरला जरूर जा, वही-पेन्सिल घेऊन, उजेड असताना, पायात पूर्ण बूट घालून. पावसात तिथे साप असतात आणि बिबट्यांचं तर ते घरच आहे. बघा, चित्र काढा, रिकाम्या हाताने परत या.

नाल्याकाठची जागा मात्र सोडाच. मुलांना वाटतं धुतलं की स्वच्छ. धुण्याने वरचा चिखल जातो, झाडाने मुळांतून आत घेतलेलं जात नाही. याचा एक नमुना बहुधा तुमच्या सोसायटीच्या जुन्या भिंतीवरच उगवलेला असेल. टेरिस व्हिटाटा नावाचा नेचा, लांब एकसारख्या पानपट्ट्यांचा, ओल्या चुन्याच्या भिंतींवर नेहमी दिसतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की हा नेचा मातीतलं आर्सेनिक शोषून पानात प्रचंड प्रमाणात साठवतो आणि तरी हिरवागार असतो. 'हिरवंगार म्हणजे निरोगी' हे त्याच्यापुढे टिकत नाही. ठाण्याची बरीच जमीन एके काळी कारखान्यांची होती, आणि रस्त्याकडेच्या मातीत २००० सालापर्यंत शिसं असलेल्या पेट्रोलचा धूर जिरलेला आहे. शिसं मातीतून सहजी हलत नाही. शिवाय सोसायट्या तणनाशक मारतात आणि त्याची पाटी लावत नाहीत. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालणं म्हणजे लेप्टोच्या तापाला आमंत्रण, हे तर ठाणेकरांना सांगायला नकोच.

मग खायचं काय? भाज्या विकत आणा. यात काही कमीपणा नाही. श्रावणात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा स्टेशनबाहेर सकाळी लवकर जा. आसनगाव-कसाऱ्याकडून पहाटेच्या लोकलने आलेल्या बायका पानांवर वाटे मांडून बसलेल्या असतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोली. लेकीला प्रश्न विचारू द्या. पण आधी वाटा घ्या आणि पैसे द्या, मग प्रश्न. त्यांचा तो धंद्याचा वेळ असतो. 'मावशी, हे कुठे उगवतं? कुठलं पान घेत नाही? कडू कशाने जातं?' एवढं पुरे. भारंगीचा कडूपणा घालवायला कुणी पाणी दोनदा ओतून देतं, कुणी डाळ घालतं. दोन्ही करून बघता येईल. निवडताना जुडीत दुसरंच एखादं पान निघालं तर ते फेकू नका, वहीत ठेवा. आमच्याकडे फोडशीच्या जुडीत साधं गवत निघायचं, आणि ते वेगळं काढणं हे आम्हा मुलांचं काम असायचं.

आता सासूबाई. 'शास्त्रीय असं काही सांगता येत नाही', हे वाक्य मी दोनदा वाचलं. ज्या बाईने मुरबाडच्या रानात अर्धं आयुष्य भाजी खुडली, तिला कोणतं पान कधी घ्यायचं, कुठल्या जागेचं घ्यायचं नाही, कोवळं-जून कसं ओळखायचं, किती उकळायचं हे माहीत आहे. यातली प्रत्येक गोष्ट निरीक्षण आहे, आणि तीही चुकलं तर घरचा माणूस आजारी पडेल अशा जोखमीवर तपासलेली. 'का' हे त्यांना सांगता येत नसेल. ते शोधणं हे तर तुमच्या लेकीचं काम! आजी सांगेल 'टाकळा फुलावर आला की घेऊ नये.' नात एकाच रोपाची पानं दर आठवड्याला मोजेल, चुरगळून बघेल, वास लिहील, पहिली कळी कधी आली ते नोंदवेल. एकीकडे आजीचा नियम, दुसरीकडे नातीची नोंद. जुळतंय का ते बघायचं.

मात्र एक सावधगिरी. सासूबाईंचं ज्ञान त्यांच्या गावच्या रानाचं आहे. घोडबंदरच्या नाल्याकाठी त्याच नावाची भाजी दिसली म्हणून त्यांनीही ती घ्यावी असं नाही. त्यांना प्लॉटवर नेण्याऐवजी तुम्हीच दोन दिवस मुरबाडला जा. आणि तिकडून वहीत लावायला नमुने आणा. नमुना लावण्याची साधी रीत: फूल किंवा शेंग असलेली फांदी वर्तमानपत्रात पसरून ठेवा, वर जाड पुस्तकांचा ढीग, आणि कागद रोज बदला. आपल्या दमट पावसात एक दिवस चुकलात की बुरशी धरते. सोबतच्या चिठ्ठीवर तारीख, जागा, कुणी गोळा केलं, आजी काय म्हणतात ते नाव आणि फुलाचा रंग. रंग आजच लिहा, वाळल्यावर जातो. मुंबईत झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, तिथले शंभरेक वर्षांपूर्वीचे नमुनेही मुळात असेच कागदात दाबून वाळवलेले आहेत.

यजमानांबद्दल थोडं लिहिते, थोडंच, कारण मी फक्त तुमची बाजू वाचली आहे. 'शाळेत घालू' हे ते त्या रात्री म्हणाले. पण त्याच्या आधीचं वाक्य 'हिला काही झालं असतं तर?' हे होतं. तुम्ही दुसऱ्या वाक्याला उत्तर देत बसलात, त्यांचा प्रश्न पहिला होता. मुलीला घरी शिकवावं की नाही हा वाद या देठावर टांगू नका. त्यांना सांगा की आजपासून घरात नियम आहे: कुठलीही नवी भाजी पातेल्यात जायच्या आधी तिघांचा होकार हवा, आणि एकाचा नकार पुरेसा, कारण विचारायचं नाही. नकाराचा हक्क त्यांच्याकडे असला की ते उपक्रमाच्या आत येतील. कपाटातल्या टाकळ्याची रात्री अकराची नोंद त्यांच्यावर सोपवा. ते तेव्हा जागेच असणार.

परीक्षेचं म्हणाल तर, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी द्यायला वय किमान चौदा लागतं. तुमच्याकडे पाच वर्षं आहेत. तिथे विज्ञानाला प्रात्यक्षिकंही असतात. अंदाज लिहायचा, मोजायचं, चुकलं तर चुकलं असं लिहायचं, ही सवय तोपर्यंत अंगवळणी पडली तर अभ्यासक्रमातली रसायनांची नावं शेवटच्या वर्षातही पाठ होतात.

आणि वहीतल्या त्या पाच झालेल्या भाज्या फाडू नका. प्रत्येकीच्या खाली लेकीला एक ओळ लिहायला सांगा: ही तीच आहे हे आपण कशावरून ठरवलं? 'ॲपने सांगितलं' असं उत्तर आलं तर तसंच लिहा, खोडू नका.

टाकळा कपाटात दोन दिवस ठेवा, तिसऱ्या दिवशी बाहेर काढून उन्हात ठेवा, बिचारा उपाशी असेल. पहिल्या सकाळी दार उघडलंत तेव्हा पानं उघडी होती की मिटलेली आणि घड्याळात किती वाजले होते, एवढं दोन ओळींत लेकीच्या अक्षरात लिहून पाठवा.